सीमाप्रश्न : निकालापूर्वीचे हक्क

१९४६ च्या मे महिन्यात बेळगावला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि त्यातूनच त्या मागणीसाठी पहिली परिषद उभी राहिली, हे मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते. त्याच बेळगावात त्याआधी बावीस वर्षे, १९२४ च्या डिसेंबरात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले असताना कर्नाटक एकीकरणाची परिषद भरली होती, आणि कन्नड भूमीच्या उदयाची आकांक्षा सांगणारे हुइलगोळ नारायणराव यांचे गीत त्या अधिवेशनात गायले गेले होते, हे मात्र महाराष्ट्रात फारसे कोणी सांगत नाही. धारवाडच्या कन्नड वाचकाची स्थिती उलट बाजूने तीच असते. त्याला १९२४ चा अभिमान असतो आणि १९४६ ची वार्ताही नसते. दोन भाषिक चळवळींनी एकाच गावात आपली मुळे शोधावीत आणि पुढे त्याच गावावरून जवळजवळ सत्तर वर्षे भांडत राहावे, यात दैवाचा खेळ शोधण्याचे कारण नाही. ज्या गावात दोन भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींच्या शेजारी नांदतात, तेथेच भाषेच्या राज्याची निकड प्रथम जाणवते आणि भाषेच्या राज्याची मर्यादाही तेथेच प्रथम उघडी पडते.

महाराष्ट्राची सीमाभागावरील मागणी मूलतः न्याय्य आहे. परंतु त्या न्यायाच्या प्रतीक्षेत सीमाभागातील मराठी माणसाचे असे कितीतरी हक्क गहाण पडले आहेत, की ज्यांचा सीमेच्या निकालाशी काडीचाही संबंध नाही. ते गहाण ठेवण्यात कर्नाटकाचा हात आहे हे उघड आहे. महाराष्ट्राचाही आहे, हे म्हणावयास धैर्य लागते, आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी तेवढे धैर्य दाखवावयास हवे.

फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांच्या राज्यपुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल दिला, तेव्हा सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक धरला. बेळगाव जिल्ह्यात कन्नड बोलणाऱ्यांचे बहुमत होते. बेळगाव शहरात आणि खानापूर तालुक्यात मराठी बोलणाऱ्यांचे होते. दोन्ही विधाने खरी होती. अंकगणित जाणणाऱ्या कोणालाही कळेल की अशा ठिकाणी छेद कोणता धरावयाचा हे ठरले की उत्तर ठरतेच. पुढची मोजदाद हा नुसता उपचार उरतो. जिल्हा धरला तर बेळगाव कर्नाटकाचे, गाव धरले तर महाराष्ट्राचे. आयोगाने जिल्हा धरला, आणि धरून तो स्वतःच मोडला. त्याच जिल्ह्यातील चंदगड तालुका मराठी म्हणून वेगळा काढून मुंबई राज्याकडे देण्याची शिफारस त्याने केली आणि तो तसा गेलाही. जिल्हा अभेद्य मानावयाचा तर चंदगड कसा निघाला, आणि भेद्य मानावयाचा तर खानापूर का निघाला नाही, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अहवालात मिळत नाही.

याआधी १९५३ साली आंध्र राज्य स्थापन झाले तेव्हा बळ्ळारी जिल्ह्याचे काय झाले होते? अदोनी, आलूर आणि रायदुर्ग हे तालुके आंध्रात गेले आणि उरलेले म्हैसूरकडे. खुद्द बळ्ळारी तालुक्याचा निर्णय न्यायमूर्ती मिश्र यांच्या अहवालानंतर म्हैसूरच्या बाजूने लागला. म्हणजे जिल्हा फोडून भाषेप्रमाणे तालुके वाटण्याचे तत्त्व म्हैसूरला एकदा लाभले होते. पुढे मद्रास आणि आंध्र यांच्या तंट्यात ह. वि. पाटसकर यांनी मध्यस्थी केली. त्यांनी गाव हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या आधारांवर निवाडा केला. त्याप्रमाणे संसदेने १९५९ साली कायदा केला आणि १ एप्रिल १९६० पासून तिरुत्तनीसह कित्येक गावांची अदलाबदल झाली. दक्षिणेतली दोन राज्ये एका मराठी मध्यस्थाच्या सूत्राने आपला तंटा मिटवू शकली आणि महाराष्ट्राला तेच सूत्र आजवर मिळाले नाही, ही सीमाभागातील मराठी माणसाच्या मनातली सल अगदी साधार आहे. १९५७ साली तत्कालीन मुंबई राज्याने केंद्राला दिलेल्या निवेदनात ८१४ गावांची मागणी याच धर्तीवर होती. पुढे ८६५ हा आकडा रूढ झाला.

१७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळीबार झाला. तो दिवस तेथे हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. बॅरिस्टर नाथ पै यांचे अखेरचे भाषण १९७१ साली याच दिवशी बेळगावात झाले आणि त्यानंतर लगेचच तेथे त्यांचे निधन झाले. समाजवादी चळवळीचे या प्रश्नाशी असलेले नाते असे रक्ताचे आणि प्राणांचे आहे. म्हणूनच या चळवळीने त्याकडे भाबडेपणाने पाहून चालणार नाही.

न्याय्य मागणीतही कमकुवत जागा असतात. कारवार, सुपा आणि हल्याळ या भागावरील महाराष्ट्राचा हक्क कोकणी ही मराठीची बोली आहे या गृहीतकावर उभा आहे. १९५७ साली ते गृहीतक पुष्कळांना निर्विवाद वाटत होते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला. १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ साली ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. एवढे झाल्यावरही कारवारच्या कोकणी माणसाला त्याच्या मताविरुद्ध मराठी म्हणून मोजावयाचे, आणि बेळगावच्या मराठी माणसाला त्याच्या मताविरुद्ध कर्नाटकात ठेवले म्हणून आक्रोश करावयाचा, या दोन गोष्टी एका तोंडाने बोलता येणार नाहीत. लोकेच्छा हे तत्त्व मानले की ते सर्वत्र मानावे लागते. खानापूरचा दावा भक्कम आहे. कारवारचा तसा नाही. दोन्ही एकाच दोरीत बांधल्यामुळे भक्कम दाव्याचेच बळ घटले आहे.

न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांच्या आयोगाकडेही अशाच स्वच्छ नजरेने पाहिले पाहिजे. सेनापती बापटांनी ऐंशी वर्षे ओलांडलेल्या वयात उपोषण आरंभले आणि १९६६ च्या ऑक्टोबरात केंद्राने हा आयोग नेमला. आयोग महाराष्ट्राच्या मागणीवरून आला होता. १९६७ च्या ऑगस्टमध्ये त्याने अहवाल दिला. तीन बाजूंनी कन्नड प्रदेशाने वेढलेले बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे. निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत. आणि जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागांतील २४७ गावे म्हैसूरला द्यावीत, असा त्याचा निष्कर्ष होता. केरळातील कासरगोडचा चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा भागही त्याने म्हैसूरला देऊ केला. अहवालात विसंगती आहेत. बेळगावला लावलेली फूटपट्टी इतरत्र लावलेली दिसत नाही, आणि महाराष्ट्राने अहवाल फेटाळला यात आश्चर्य नव्हते. कर्नाटकाने मात्र तेव्हापासून ‘महाजन अहवाल, नाहीतर आहे तसेच’ हा पवित्रा घेतला. तो सोयीचा होता, कारण ‘आहे तसेच’ यात त्याचे काहीच जात नव्हते.

या हिशेबात निपाणीचा माणूस कोठे आहे? ज्या आयोगावर महाराष्ट्र पक्षपाताचा आरोप करतो, त्यानेही निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला देऊ केले होते. बेळगाव मिळत नाही म्हणून महाराष्ट्राने अहवाल नाकारला, आणि देऊ केलेली २६४ गावेही त्याबरोबर गेली. उलट बाजूने जतच्या पूर्वेकडील कन्नड गावांचेही तेच झाले. सर्व किंवा काहीच नाही, ही भूमिका मुंबईच्या सभेत तेजस्वी दिसते. तिची किंमत मुंबईला द्यावी लागत नाही. अहवाल स्वीकारावयास हवा होता असा याचा अर्थ नव्हे. बेळगाव सोडून देणे हे बेळगावच्या मराठी माणसाशी द्रोह केल्यासारखे झाले असते. पण ज्या गावांविषयी दोन्ही बाजूंचे फारसे दुमत नव्हते, त्यांची अदलाबदल वेगळी करून घेण्याचा प्रयत्न नेटाने झाला नाही. साठ वर्षे होत आली तरी महाराष्ट्रातील एकाही मोठ्या पक्षाला त्याचा जाब कोणी विचारलेला नाही, हे खटकल्यावाचून राहत नाही.

२००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दोन दशके उलटूनही तो निकाली निघाला नाही. हे संसदेचे काम आहे की न्यायालयाचे, हा प्राथमिक प्रश्नच एवढा काळ खाऊन बसला. न्यायालयात दावा असल्याने राजकीय तोडगा काढता येत नाही असे एकीकडे सांगावयाचे, आणि दुसरीकडे जमिनीवरची वस्तुस्थिती बदलत राहावयाची, हा क्रम याच काळातला आहे. २००५ साली बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. त्या वेळच्या महापौरांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासण्यात आले आणि महापालिका बरखास्त झाली. २००६ साली कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन बेळगावात भरविण्यात आले. २०१२ साली तेथे सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले. २०१४ च्या जुलैत येळ्ळूर येथे ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक काढण्यावरून गावकऱ्यांवर लाठ्या चालल्या, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे नाव अधिकृतपणे बेळगावी झाले. वर्षातून थोडे दिवस अधिवेशन भरावे म्हणून बांधलेला तो राजवाडा उरलेल्या काळात कोणाच्या उपयोगाचा, असे उत्तर कर्नाटकातील कन्नड माणूसही विचारतो. पण भाषेच्या नावाने उभारलेल्या दगडाचा हिशेब मागणे कोणत्याच राज्यात सोपे नसते.

२०२२ च्या डिसेंबरात तर दोन्ही सरकारांनी जणू ठरवून नाटक केले. सहा तारखेला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगड पडले, मग महाराष्ट्रात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. चौदा तारखेला दोन्ही मुख्यमंत्री दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांसमोर बसले आणि न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत दावे-प्रतिदावे न करण्याचे ठरले. बावीस तारखेला कर्नाटक विधिमंडळाने एक इंचही भूमी न देण्याचा ठराव केला आणि सत्तावीस तारखेला महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांचा इंच न् इंच घेण्याचा. दोन्ही ठराव एकमताने झाले. दोन्ही राज्यांत आणि दिल्लीत तेव्हा एकाच पक्षाचे शासन वा शासनातील भागीदारी होती. ज्याला प्रश्न सोडवावयाचा होता त्याला याहून अनुकूल योग कोणता हवा होता?

पण प्रश्न सोडविण्यापेक्षा तो राखून ठेवण्यात लाभ अधिक आहे. ज्या पिकाला खत-पाणी घालावे लागत नाही आणि जे दर निवडणुकीला कापता येते, ते कोणता शेतकरी उपटून टाकील? महाराष्ट्रातील नेते विधिमंडळात महाराष्ट्र एकीकरण समितीचा जयजयकार करतात आणि कर्नाटकाच्या निवडणुकीत त्याच समितीच्या उमेदवारांविरुद्ध आपल्या पक्षाच्या प्रचाराला बेळगावला जातात. २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. याला समितीतील फाटाफूट कारण आहे हे खरे. तथापि तरुण मराठी मतदाराने गेल्या काही वर्षांत आपली मराठी ओळख धर्माच्या मोठ्या ओळखीत विरघळू दिली, हेही एक कारण आहे, आणि ते अधिक चिंतेचे आहे. बेळगावच्या मोलमजुरी करणाऱ्या मुसलमानाची घरची भाषा दखनी-उर्दू असते. तोही भाषिक अल्पसंख्याकच. पण दोन्ही राज्यांच्या लढ्यात त्याची मोजणी कोणी करीत नाही.

आता त्या हक्कांकडे वळावे, जे निकालाची वाट पाहत नाहीत. घटनेच्या १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५० अ आणि ३५० ब ही कलमे घातली. पहिल्याने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. दुसऱ्याने त्यांच्या संरक्षणासाठी विशेष अधिकारी नेमला. त्याआधी १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेतच शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असली तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा हे ठरले होते. १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने पंधरा-वीस टक्के वस्ती असलेल्या भागात महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत हे मान्य केले. या सर्व ठरावांवर म्हैसूरचीही संमती होती आणि महाराष्ट्राचीही. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे एक विभागीय कार्यालय तर बेळगावातच ठेवण्यात आले. ज्या गावात हे कार्यालय ठेवले गेले, त्याच गावात मराठी कागदासाठी माणसाला मोर्चा काढावा लागतो!

१९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्ध मोठे आंदोलन झाले, गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतर सक्तीचे रूप बदलले, वृत्ती बदलली नाही. या शतकाच्या आरंभी कर्नाटकाने ‘भूमी’ योजनेखाली जमिनीचे उतारे संगणकावर आणले. भारतभर त्याचे कौतुक झाले आणि ते गैरही नव्हते, कारण तलाठ्याच्या मर्जीतून शेतकरी थोडाफार सुटला. पण संगणकाला जो उतारा कन्नडमध्ये छापता येतो तो मराठीत छापता येत नाही, असे कोणताही यंत्रज्ञ सांगणार नाही. तलाठ्याच्या मर्जीतून सुटलेला खानापूरचा शेतकरी उतारा वाचून दाखविणाऱ्याच्या मर्जीत सापडला. स्वतःच्या शेताचा कागद ज्याला स्वतः वाचता येत नाही, त्याला भाषेचा प्रश्न हा अस्मितेचा प्रश्न आहे की पोटाचा, असे विचारून पाहावे. कर्जाचा बोजा, वारसाची नोंद, भूसंपादनाची नोटीस या सर्व गोष्टी त्या कागदावर असतात. हलगा-मच्छे वळणरस्त्यासाठी पिकाऊ जमीन जाऊ नये म्हणून जे शेतकरी लढले, त्यांना सरकारशी आणि सरकारच्या भाषेशी एकाच वेळी झगडावे लागले.

भाषेच्या राज्याला डॉ. आंबेडकरांनी १९५५ च्या आपल्या पुस्तिकेत एक गंभीर हरकत घेतली होती. भाषावार राज्यात संख्येने मोठी असलेली एखादी जात सत्तेवर मांड ठोकते आणि लहान समूह तिच्या दयेवर राहतात, असा तिचा आशय होता. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांचा अनुभव त्यांच्या बाजूने साक्ष देतो. सीमेवरचा माणूस भाषेने अल्पसंख्य, जातीने बहुधा सत्तेबाहेरचा आणि वर्गाने कष्टकरी असतो. पहिल्या गोष्टीवर गदारोळ होतो. उरलेल्या दोन गोष्टी बोलल्या जात नाहीत, कारण त्या बोलल्या की सीमेच्या दोन्ही बाजूंचे सत्ताधारी एकाच रांगेत उभे राहतात.

निपाणीचा अनुभव या दृष्टीने मोलाचा आहे. १९८१ साली तेथे तंबाखू पिकविणारे शेतकरी हमरस्त्यावर बसले. व्यापाऱ्यांच्या मापात आणि भावात दोन्ही भाषांचे शेतकरी सारखेच नागवले जात होते आणि पुणे-बंगळूर मार्गावर ते एकत्रच ठाण मांडून होते. एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी बळी पडले. शरद जोशींच्या अर्थविचाराशी समाजवाद्यांचे कितीही मतभेद असोत, त्या आंदोलनाने सीमाभागात जे एकदा घडवून दाखविले ते सीमा आंदोलनाला कधी जमले नाही, हे मान्य केले पाहिजे. त्याच गावातील विडी वळणाऱ्या बायकांची स्थिती आणखी बोलकी आहे. मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या बायका एकाच कारखानदारासाठी विड्या वळतात. किमान वेतन राज्यागणिक वेगळे असते आणि ज्या राज्यात ते कमी असेल तिकडे काम वळविणे हे विडी धंद्यातील जुने तंत्र आहे. माणसांना अडविणारी सीमा तंबाखूच्या पोत्याला अडवीत नाही. सीमा इकडची तिकडे झाली तरी त्या बाईची हजार विड्यांची मजुरी आपोआप वाढणार नाही. दोन्ही बाजूंचे वेतन समान व्हावे ही मागणी मात्र उद्या करता येते, आणि ती सीमेच्या विवादावर एका अक्षराने परिणाम करीत नाही.

जतची गोष्ट याचीच दुसरी बाजू. सांगली जिल्ह्याच्या या दुष्काळी तालुक्यातील पूर्वेकडच्या गावांत कन्नड बोलली जाते. २०१२ च्या सुमारास तेथील काही ग्रामपंचायतींनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले. मुंबईत त्यावर संताप व्यक्त झाला. पण त्या ठरावांत भाषेपेक्षा पाण्याची तहान अधिक होती. म्हैसाळ उपसा योजनेचे पाणी त्या गावांपर्यंत पोचत नव्हते आणि पलीकडचे पाणी डोळ्यांसमोर दिसत होते. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी त्या जुन्या ठरावांचा हवाला देऊन जतवर हक्क सांगितला. त्याबरोबर म्हैसाळच्या विस्ताराची, सुमारे दोन हजार कोटी रुपयांची फाईल, जी वर्षानुवर्षे हलत नव्हती, ती आठवड्यात हलली. दुष्काळ जे करू शकला नाही ते शेजारच्या मुख्यमंत्र्याच्या एका वाक्याने केले. जतच्या माणसाने यातून कोणता धडा घ्यावा? आपली निष्ठा पक्की ठेवली तर पाणी मिळत नाही, सोडून जाण्याची धमकी दिली तर मिळते, हाच की नाही?

महाराष्ट्राने येथे आरशात पाहिले पाहिजे. २०१५ साली कर्नाटकाने शाळांतून कन्नड शिकविणे अनिवार्य करणारा कायदा केला. २०२० साली महाराष्ट्राने मराठीसाठी तसाच केला. २०२२ साली महाराष्ट्राने दुकानांच्या पाट्या मराठीत सक्तीच्या केल्या. २०२४ साली कर्नाटकाने पाटीचा साठ टक्के भाग कन्नडला दिला. राज्याची भाषा राज्यातील प्रत्येक मुलाने शिकावी यात अन्याय नाही. बेळगावच्या मराठी मुलाला उत्तम कन्नड येणे हे त्याच्याच हिताचे आहे आणि समितीनेही ते मोकळेपणे म्हणावयास हवे. अन्याय सुरू होतो तो राज्यभाषा मातृभाषेची जागा घेऊ लागते तेव्हा, शाळेत, कचेरीत आणि कागदावर. २०२५ साली पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला तेव्हा महाराष्ट्र खवळून उठला आणि २९ जूनला सरकारला तो मागे घ्यावा लागला. तो राग योग्य होता. मग बेळगावच्या मराठी मुलाचा राग कर्नाटकाला कळावा, आणि जतमधल्या कन्नड शाळेला कन्नड जाणणारा शिक्षक वेळेवर मिळतो की नाही याची चौकशी महाराष्ट्राने आपणहून करावी, एवढी अपेक्षा काही फार नाही. २०२३ साली महाराष्ट्राने ८६५ गावांतील लोकांना आपली आरोग्य योजना देऊ केली आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. आजारी माणसाच्या औषधावर सार्वभौमत्वाचा वाद घालणे हे लाजिरवाणे होते. पण कर्नाटकाच्या गावांना औषध देऊ करणाऱ्या राज्याने जतच्या आणि अक्कलकोटच्या कन्नड माणसाला त्याच्या भाषेत दाखला देऊ केला असता, तर त्या उदारपणाला नैतिक वजन आले असते.

यावर सीमाभागातील जुन्या कार्यकर्त्यांचा एक आक्षेप असतो आणि तो हलका नाही. कर्नाटकात राहून हक्क मागितले म्हणजे कर्नाटकात राहणे मान्य केले, असे ते म्हणतात. लढ्यात आयुष्य घालविलेल्या माणसांची ही भीती समजण्यासारखी आहे. परंतु ती कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क भारताच्या घटनेने भारताच्या नागरिकाला दिले आहेत. ते बजावल्याने दाव्यातील कोणताही मुद्दा सोडला जात नाही. उलट मराठीचा वापर शाळेतून आणि कचेरीतून हटत गेला, तर पुढची पिढी मराठी म्हणून स्वतःची नोंदच करणार नाही, आणि मग लोकेच्छेचे तत्त्व कोणासाठी लावावयाचे? शाळा टिकली तर दावा टिकेल.

१९५१ साली शिमोगा जिल्ह्यात कागोडूच्या कुळांचा सत्याग्रह झाला तेव्हा डॉ. लोहिया तेथे जाऊन तुरुंगात गेले. त्या लढ्यातून पुढे आलेले शांतवेरी गोपाळगौडा कर्नाटक एकीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते होते, इकडे एस. एम. जोशी संयुक्त महाराष्ट्राचे सेनानी होते. सीमेच्या दोन्ही बाजूंना समाजवादीच होते आणि दोघांचीही आपापल्या भाषेवर निष्ठा होती. दोन बाजूंनी मिळून अल्पसंख्याकांच्या हक्कांची एक सामायिक मागणी त्या वेळी पुढे आली नाही. आज दोन्ही बाजूंची चळवळ क्षीण झाली आहे. पण हे काम मोठ्या संघटनेचे नाही. निपाणी आणि खानापूर येथे मराठी उताऱ्यासाठी, जत आणि अक्कलकोट येथे कन्नड दाखल्यासाठी, दोन्ही भाषांच्या कार्यकर्त्यांनी मिळून अर्ज भरून घ्यावेत. प्रत्येक अर्जावर त्या गावातील भाषिक वस्तीचा जनगणनेतील आकडा आणि १९६१ च्या परिषदेचा हवाला लिहावा. तहसीलदाराकडून उत्तर आले नाही, किंवा नकार आला, तर त्याची प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे पाठवावी. अशा तक्रारींची चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल देणे हे ३५० ब कलमाने त्यांच्यावर सोपविलेले काम आहे, आणि तो अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो.